चार परक्यांचं घर

माझे वडील चुकू शकतात हे मला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना कळलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. आईला वाटलं, ताप आला. तिनं कपाळाला हात लावला, तो गार लागला, तशी म्हणाली, "मंग नखरे काहून करून राहिली?" आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी ताटाकडे बघत बसले. असा धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता.

वडील अमरावतीच्या एका शाळेत संस्कृत शिकवत. पण तो त्यांचा पोटाचा उद्योग. खरा उद्योग शाळेतून आल्यावर, चहा झाला की ओसरीवर सुरू होई. युरोपातल्या भाषांमधले शब्द संस्कृतातून कसे निघाले याचं पुस्तक ते पंधरा वर्षं लिहीत होते. त्या काळी आमच्याकडे असं पुस्तक लिहिणारा माणूस दर तिसऱ्या गल्लीत होता, हे मला फार पुढे समजलं. तेव्हा मात्र वाटे की हे सगळ्या जगात एकट्या माझ्या बाबांना सुचलं आहे.

शब्द टिपायला ते लग्नपत्रिका वापरत. मास्तर म्हणून गावातल्या झाडून सगळ्या पत्रिका आमच्याकडे येत, आणि त्यांची मागची बाजू कोरी असे. पुढे कुणाचा तरी चिरंजीव आणि कुणाची तरी सौभाग्यकांक्षिणी, मागे एखादा जर्मन किंवा डच शब्द, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. आई म्हणायची, "लोकाईच्या लग्नात यायले संस्कृत दिसते." बाबा हसत. चिडत मात्र नसत, कारण पत्रिका सांभाळून ठेवण्याचं काम आईच करी.

या सगळ्या पुस्तकाचा कळस होता एक इवलासा शब्द. 'तक'.

बाबा एकदा परीक्षेच्या कामासाठी अचलपूरला गेले होते. तिकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात एक स्वीडिश नर्स होती. बाबांनी तिला वाट दाखवली की दार उघडून दिलं, असं काहीतरी झालं, आणि ती म्हणाली, "तक." बाबांनी तिथंच उभं राहून अर्थ विचारला. 'आभारी आहे'. मग तिनं सांगितलं की हेच जरा लांबवून 'ताक' म्हटलं की आमच्यात घराचं छप्पर. लढाईच्या दिवसांत तिनं निर्वासितांच्या एका छावणीत काम केलं होतं, तिथले पोलिश लोक 'हो' म्हणायला 'तक' म्हणत. बाबा अचलपूरहून आले ते ताप भरल्यासारखे लाल होऊन. आठ दिवसांत शाळेच्या कपाटातल्या एका फाटक्या कोशात त्यांना डच शब्द सापडला. तिथं 'तक' म्हणजे झाडाची फांदी.

चारही शब्द त्यांनी संस्कृतातल्या तक्ष् या एका धातूला बांधले. तक्ष् म्हणजे तासणं, सुताराचं काम. आणि मग त्यांनी जी गोष्ट रचली ती मी लहानपणी किती वेळा ऐकली असेल, गणती नाही. एका माणसानं झाडाची फांदी तोडली. ती तासली, तिचं छप्पर केलं. भर उन्हातून एक वाटसरू आला, म्हणाला, आत येऊ का? घरधनी म्हणाला, तक. हो, ये. वाटसरू सावलीत बसला आणि म्हणाला, तक. उपकार झाले. फांदी, छप्पर, होकार, आभार. "चार देशाईनं एकेक शब्द वाटून घेतला," बाबा सांगत, "पण घर एकच होतं, बाई." मला ते बाईच म्हणत.

मला ते घर दिसायचं. ते मेळघाटाच्या वाटेवर, सेमाडोहच्या अलीकडे कुठेतरी आहे अशी माझी खात्री होती.

आमच्या शेजारी फुलं आणि भाजीपाला पिकवणारं कुटुंब होतं. त्या घरची काकी रोज फुलांची टोपली घेऊन आमच्या ओसरीवरून बाजारात जाई. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच अक्षरं शिकली होती आणि जिथं जे लिहिलेलं दिसेल ते मोठ्यानं वाचत असे, दुकानांच्या पाट्यांसकट. एकदा बाबांनी तिलाही ही गोष्ट ऐकवली. ती टोपली सावरत म्हणाली, "मास्तर, मंग आपलं ताक कोनाच्या घरचं?"

"ते तक्रापासून," बाबा फणकारले. "त्याचा याच्याशी काई संबंध नाई. नुसता आवाज सारखा हाय."

"आसं," म्हणून ती निघून गेली. मी तोंडाला पदर लावून हसले. तिच्या अडाणीपणाला हसले, हे आज लिहिताना लाज वाटते.

आता मी काय करत होते ते सांगायला हवं. मी नक्कल करत होते. बाबांचे आजोबा रिद्धपूरला मठात पोथ्या उतरवत. आमच्या घरात आलेली त्यांची एकच वस्तू म्हणजे हरताळाची डबी. हरताळ पिवळा असतो, विषारी असतो, म्हणून आई ती डबी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवी. लिहिताना अक्षर चुकलं की डिंकात खललेला हरताळ त्यावर फासायचा आणि वाळला की वर नवं लिहायचं. हरताळ फासणं आपण आज नुसतं बोलण्यात वापरतो. आमच्या घरी तो खरोखरीचा फासत.

बाबांनी मला अक्षर शिकवलं ते या घराण्याच्या शिस्तीनं. नक्कल करणाऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही. समोर आहे ते उतरवायचं. चूक दिसली तरी तीच उतरवायची, फक्त समासात एक बारीक फुली मारायची आणि पोथीच्या धन्याला जाऊन सांगायचं. पुढे काय करायचं ते तो बघेल. मी बाराव्या वर्षापासून त्यांचं लेखन उतरवत होते. त्यांना काचबिंदू होता, नजर वर्षावर्षाला अरुंद होत चालली होती, आणि माझं मोठं, मोकळं अक्षरच काय ते त्यांना नीट वाचता येई. माझी प्रत त्यांनी मूळ लेखनाशी कधी ताडून पाहिली नाही. एकदाही नाही.

तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कॉलेजच्या ग्रंथालयात मला इंग्रजी शब्दांच्या उगमाचा एक जाडजूड कोश मिळाला. बाबांना आनंद होईल म्हणून मी अगदी उड्या मारत त्यात 'तक' शोधायला बसले. छपराच्या इंग्रजी शब्दाखाली स्वीडिश 'ताक' सापडला, आणि मूळ अर्थ दिला होता झाकणं. जोडीला संस्कृत धातू होता, स्थग्. तक्ष् नाही. आभाराच्या शब्दाखाली दुसरा 'तक' सापडला, आणि तो निघाला 'विचार करणे' याचा नातलग. एखाद्याचं केलेलं मनात ठेवणं म्हणजे आभार. त्याचा ना छपराशी संबंध, ना सुताराशी. दोन शब्द, दोन वेगळी घराणी, फक्त वाटेत झिजून झिजून सारखे दिसायला लागलेले.

मी ते पान चारदा वाचलं. मला अंधारून आलं, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ते वाटेवरचं घर माझ्या डोळ्यांसमोर ढासळलं. बाबांनी पंधरा वर्षं घातली होती, आणि कोशाच्या एका रकान्यानं ती संपवली. मी स्थग् माझ्या वहीत उतरवून घेतला, वही पिशवीत कोंबली आणि घरी आले. जेवण न गेलेल्या रात्रीचं ते ताट म्हणजे हेच.

सांगायचं होतं, सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने गेले. रोज संध्याकाळी ते ओसरीवर बसत आणि मी समोर बसून उतरवत असे. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. पुस्तक हेच त्यांचं पुढचं आयुष्य होतं.

आणि मग अकोल्याच्या एका वाचनालयाचं व्याख्यानाचं बोलावणं आलं. बाबांना आयुष्यात आलेलं पहिलं बोलावणं. ते पत्र त्यांनी आईला वाचून दाखवलं, शेजारच्या काकीला दाखवलं, मला दोनदा वाचायला लावलं. भाषण लिहायला घेतलं आणि शेवटाकडे ठेवलं काय, तर तेच घर.

मी नक्कल करायला बसले. त्या मजकुरापाशी पोचले तेव्हा हात थांबला. अकोल्यात वकील होते, प्राध्यापक होते, कुणीतरी उठून हसेल, बाबांना भर सभेत हसतील, एवढंच डोक्यात घोळत होतं. मी फुली मारली नाही. जाऊन सांगितलंही नाही. मी ती साडेतीन पानं सरळ सोडून दिली आणि पुढचा मजकूर मागच्याला जोडून घेतला. जोड इतकी बेमालूम झाली की मला माझंच कौतुक वाटलं. मी बाबांना वाचवते आहे, असं मी स्वतःला बजावलं. आजवर आमच्या घरात तीन पिढ्यांनी जे केलं नसेल ते मी एका दुपारी केलं.

मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या मोटारीनं आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. सभागृह भरलेलं होतं, वर पंखे गरगरत होते, समोर ध्वनिवर्धक. घरी वऱ्हाडी बोलणारे बाबा व्यासपीठावर अगदी पुण्याच्या वळणाचं बोलू लागले. 'आहे', 'नाही', 'आम्ही', एकेक हकार जागच्या जागी. मी पहिल्या रांगेत बसले होते. पानं उलटत होती, लोक ऐकत होते, आणि जोड यायला किती पानं उरली ते मी मोजत होते.

जोड आली. बाबांनी वाचलं, थांबले. पान मागे उलटलं. पुढे उलटलं. बोट जिभेला लावून पुन्हा मागे उलटलं. मी जमिनीवरच्या फरशीच्या रेघा बघत होते.

"एक मजकूर गळला आहे," बाबा म्हणाले. "लेखनिकाकडून होतं असं कधी कधी. मी तोंडीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. फांदी, छप्पर, वाटसरू, सगळं. इतकं सुंदर त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. लोक पुढे झुकून ऐकत होते. शेवटाला टाळ्या पडल्या, आणि मला एक क्षण वाटलं की निभावलं.

प्रश्नांच्या वेळी मागून एक तरुण गृहस्थ उठले. शेतकीच्या शिक्षणात होते, डेन्मार्कला दुग्धशाळेचं काम शिकून आले होते. अत्यंत अदबीनं म्हणाले, "सर, मी तिकडे दोन वर्षं एका शाळामास्तरांच्या घरी राहत होतो. ते सांगत, आमचा आभाराचा 'तक' हा विचार करण्याच्या शब्दाचा भाऊ आहे. आणि छपराला ते 'ताक' म्हणतच नसत, त्यांचा शब्द निराळा होता. तेव्हा हे सगळे एकाच धातूचे कसे, एवढं समजावून सांगाल का?"

कुणी हसलं नाही. हे मला आजही धक्क्यासारखं आठवतं. इतके दिवस मी ज्या हसण्याला भीत होते ते हसणं त्या सभागृहात नव्हतंच. लोक नुसते उत्तराची वाट बघत होते.

बाबांनी समोरची पानं पुन्हा एकदा उलटली, जोड होती तिथं थांबले, आणि मान वळवून मला शोधलं. ध्वनिवर्धक चालूच होता. भर सभेत, घरच्या बोलीत, त्यांनी विचारलं:

"बाई, तुले माहीत होतं?"

मी मान हलवली. तेव्हा त्यांना तेवढं दिसत होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या गृहस्थांना म्हणाले, "तुमचं बरोबर असावं. माझ्या लेखनिकाला ते आधीपासून ठाऊक होतं." उरलेली दोन पानं त्यांनी नीट वाचली, अध्यक्षांचे आभार मानले आणि खाली उतरले. हार घालताना त्यांनी मान वाकवली ती मला वाकवल्यापेक्षा मोडल्यासारखी वाटली.

परतीच्या मोटारीत बडनेरा आलं. बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "चूक होती तं सांगाची होती. गाळाची नोती. हरताळ ज्याची पोथी त्यानं लावाचा असते."

"लोक हसतील म्हणून, बाबा..."

"हसले असते तं मले हसले असते." एवढंच.

मला वाटलं, चार दिवस रागावतील. मला रागाची सवय होती, रागाचं काही वाटत नव्हतं. आठवड्यानं मी दौत-टाक घेऊन ओसरीवर जाऊन बसले. त्यांनी पान पुढे केलं नाही. रागावलेलेही दिसत नव्हते. अगदी शांतपणे म्हणाले, "तुह्यं अक्षर मोत्यावानी हाय, बाई. पण आता मले पान न् पान ताडून पाहा लागीन. तेवढे डोळे नाईत माह्ये."

मी तिथून उठले आणि न्हाणीत जाऊन रडले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शिक्षा केलीच नव्हती, नुसता हिशेब सांगितला होता, आणि तो खरा होता.

त्यानंतर त्यांचं लेखन शेजारची काकी उतरवू लागली. हो, तीच. दुपारी फुलं विकून आली की ओसरीवर बसून एकेक अक्षर कोरी. तिच्या ओळी पानावर चढत आणि उतरत, वेलांट्या चुकत, पण बाबा निर्धास्त होते. माझं लग्न ठरलं, मी अकोल्यालाच सासरी गेले. ज्या सभागृहात ते झालं त्यावरून रोज माझी वाट होती. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जात असे.

पाच-सहा वर्षं अशी गेली. चौसष्टच्या दिवाळीला मी माहेरी गेले. बाबांची नजर तोवर जवळजवळ गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळे. त्या डेन्मार्कच्या गृहस्थांशी त्यांनी पत्रव्यवहार ठेवला होता. गोष्टीतल्या त्या घरातले दोन भाडेकरू त्यांनी आपण होऊन बाहेर काढले होते, आभार आणि होकार. आभार विचाराकडे गेला, पोलिश 'हो' हा आपल्या 'तो-ते'वाल्या तद्‌च्या बिऱ्हाडात. पण छप्पर आणि फांदी सोडायला ते तयार नव्हते. फांदी तासायची, छप्पर करायचं, तक्ष् तेवढा तरी राहू दे, असं त्यांचं चाललं होतं.

मी दारात पोचले तेव्हा ओसरीवर तेच पान चाललं होतं. काकी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत होती. मध्येच थांबली.

"मास्तर, हे चुकलं वाटते."

मी चप्पल काढता काढता तशीच उभी राहिले.

"काय चुकलं?" बाबा म्हणाले.

"तुमी म्हनता छप्पर तासते. छप्पर कोनी तासते का? तासलेलं लाकूड खाली राह्यते. वरून कपाशीच्या पऱ्हाट्या टाकतात, तुरीच्या तुराट्या टाकतात. छप्पर तं झाकतात."

बाबा हसले. मोकळं, पोटभर हसले. त्यांचं पुस्तक कोसळलं नाही, ते खचले नाहीत, काहीच झालं नाही. "झाकतात," ते स्वतःशी म्हणाले. "झाकणं... आच्छादणं..." त्यांची बोटं मांडीवर वाजत होती, धातुपाठ घोकताना वाजायची तशी. "स्थग्! अहो, स्थग्! डबी काढा वरची."

काकीनं फडताळावरून हरताळाची डबी आणून त्यांच्या हातात दिली. मी दारात उभी. स्थग् माझ्या वहीत सहा वर्षं होता, ती वही सासरच्या ट्रंकेत तळाशी होती, आणि बाबांना तो फुलं विकणाऱ्या बाईनं एका वाक्यात दिला. इतकं सोपं होतं. फक्त म्हणायचं होतं, बाबा, हे चुकलं वाटते. मला स्वतःचा संताप आला.

चप्पल वाजली असावी. बाबांनी मान वळवली.

"कोन? बाई आली का?"

"हो," काकी म्हणाली.

त्यांना काय वाटलं देव जाणे. डबीचं झाकण बोटांनी चाचपत ते म्हणाले, "बाई, हे स्थग्. तुले माहीत होतं?"

मी मान हलवली. बाबा तसेच माझ्या दिशेनं तोंड करून थांबले. मी पुन्हा मान हलवली.

काकीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मान हालवून राह्यली, मास्तर," ती म्हणाली. "हो म्हनते."

बाबांनी तिच्याकडून हरताळ डिंकात कालवून घेतला आणि चुकलेल्या ओळीवर आपलं बोट न्यायला सांगितलं. तिनं बोट धरून ठेवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं हरताळ फासला.

"वाळला की लिहा," ते तिला म्हणाले.